ऑर्डर मिळाली, मुलूख कोण दाखवणार?

शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीचा निकाल ऑगस्ट 2025 मध्ये लागला आणि तेव्हापासून हजारो घरांत एकच विषय आहे: शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल, कटऑफ आणि पसंतीक्रम. त्याचे तपशील वाचकांना तोंडपाठ आहेत, म्हणून इथे ते उगाळत नाही. बोलायचे आहे ते नाव लागल्यानंतरचे. सांगली, बीड, नाशिककडचा उमेदवार नोकरी हातची जाऊ नये म्हणून भंडारा जिल्हा परिषदही यादीत टाकतो. नाव लागते, पेढे वाटले जातात आणि मग घरात नकाशा उघडला जातो.

कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाला पोहोचते, तेव्हा तिने साडेतेराशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापलेले असते आणि राज्याची हद्द काही ओलांडलेली नसते. या गाडीने ‘भंडारा रोड’ला उतरलेल्या नव्या गुरुजींना कळते की हे स्टेशन वरठीत आहे, भंडारा शहर अजून दहा-बारा किलोमीटर पुढे. शाळा लाखांदूर किंवा पवनी तालुक्यात असेल तर त्यापुढे एसटी आणि एसटीनंतर मिळेल ते वाहन. सरकारी कागदावर ही फक्त एका जिल्ह्यातली नेमणूक असते. येणाऱ्या माणसासाठी मात्र पीक, पाऊस, जेवण, बोली, सण सगळेच बदललेले असते. परदेशी नोकरीला गेलेल्या शिक्षकाची जी अवस्था होते, तीच याची होते. फरक इतकाच की परदेशी गेलेल्याची अडचण सगळ्यांना दिसते, याची कुणालाच दिसत नाही.

जपानने 1987 मध्ये ‘जेट’ नावाची योजना सुरू केली. इतर देशांतले तरुण त्यातून जपानी शाळांत भाषा शिकवायला सहायक शिक्षक म्हणून जातात. विमानातून उतरल्यावर त्यांना थेट वर्गात ढकलत नाहीत. आधी सर्वांचे एकत्र उद्बोधन होते, मग ज्या प्रांतात जायचे तिथले. शाळा कशी चालते, शेजाऱ्यांशी कसे वागायचे, अडले तर कुणाला विचारायचे, हे सांगितले जाते. घर शोधायला आणि बँकेत खाते उघडायला बहुतेक ठिकाणी स्थानिक शिक्षण मंडळाचा माणूस सोबत असतो. आपल्याकडे हातात आदेश, रुजू होण्याची मुदत आणि शाळेचे नाव. बाकी ज्याचे त्याने पाहावे.

हे ‘बाकी’ किती मोठे आहे, ते पहिल्या महिन्यातच कळते. उन्हाळ्यामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित राज्यानंतर उघडतात. शाळा जेमतेम सुरू होते तोच भाताचा रोवणा येतो. पऱ्हे म्हणजे भाताची रोपे उपटायची, पेंढ्या बांधायच्या, चिखल केलेल्या बांधीत वाकून रोपे लावायची. आई पहाटेच शेतावर गेलेली, धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी बहीण घरी. वर्गातली हजेरी घसरते. ऊस किंवा ज्वारीच्या मुलखातून आलेल्या शिक्षकाला यात पालकांची बेफिकिरी दिसते. इथल्या जुन्या शिक्षकाला त्यात पावसाची घाई दिसते, कारण रोवणा लांबला तर वर्षाचा भात गेला. तो गुरुजी चिडत नाही. लहान भावंडाला वर्गात बसू देतो, बुडालेला धडा पुन्हा घेतो. हे शहाणपण त्याला कुठल्याही परिपत्रकातून मिळालेले नाही आणि नव्या माणसापर्यंत ते पोहोचवण्याची कसलीही सोय नाही.

खरी कसोटी लागते ती बोलीत. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग मिळून झाडीपट्टी होते आणि तिची झाडीबोली. या बोलीत ण, ळ, श, ष, छ हे उच्चार नाहीत. पाणी म्हणजे पानी, डोळा म्हणजे डोरा. इकडच्या बायका-मुलींच्या तोंडी ‘मी येतो’, ‘मी जातो’ सर्रास असते. पहिलीतल्या मुलीने घरातली भाषा वर्गात आणली आणि नव्या मास्तरांनी त्या भाषेवर लाल फुली मारली, तर ती पुन्हा तोंड उघडायला धजत नाही. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, पण त्यासाठी मुलीला गप्प करावे लागत नाही.

इथे साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांचे नाव आदराने घ्यावे लागते. शिक्षित समाज ज्या बोलीला गावंढळ म्हणून हसत होता, तिचा शब्दकोश त्यांनी सिद्ध केला, तिचे व्याकरण मांडले, लोककलांचा अभ्यास केला आणि झाडीबोली साहित्य मंडळाच्या माध्यमातून लिहिणाऱ्यांची एक फळी उभी केली. झाडीबोलीची स्वतंत्र साहित्य संमेलने भरू लागली. माझ्या मते जिल्ह्यात रुजू होणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या टेबलावर हा शब्दकोश पहिल्याच दिवशी असायला हवा, हजेरीपटाच्या शेजारी. बोरकरांनी आयुष्य घालून जे काम केले, ते शिक्षण खात्याला आयते मिळाले आहे. ते वापरात आणायला किती पैसे लागतील? शिवाय तुमसरकडे पोवारी आहे, काही गावांत गोंडी आहे, मध्य प्रदेशाच्या सीमेवर हिंदी घरात शिरलेली आहे. एकाच वर्गात दोन-तीन घरभाषा असू शकतात, हे नव्या शिक्षकाला आधी सांगायला नको का?

बाहेरून आलेला शिक्षक इथे रुजतच नाही, असे म्हणणाऱ्यांनी स्टीफन हिस्लॉपची आठवण ठेवावी. हा स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपुरात आला आणि पुढच्याच वर्षी त्याने शाळा काढली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे. तो धर्मप्रसाराला आला होता, हे विसरण्याचे कारण नाही. पण त्याने इथल्या भाषा शिकून घेतल्या आणि गोंडांचे शब्द व गाणी कागदावर उतरवली. 1863 मध्ये तो नदीत बुडून मरण पावला, आणि त्याची टिपणे तीन वर्षांनी ग्रंथरूपाने आली. समुद्रापलीकडून आलेल्या माणसाला जे जमले, ते मनमाड-भुसावळमार्गे येणाऱ्याला का जमू नये?

जमण्यात एक अडचण मात्र खरी आहे. भंडाऱ्यातले गाव सर्वांत मोकळे होते ते दिवाळीनंतर. तेव्हा गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, दंडार हे लोकनाट्य होते, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक. लेकी-जावई येतात, पाहुण्यांनी घरे भरतात. नेमके याच वेळी बाहेरचा शिक्षक दिवाळीच्या सुट्टीत आपल्या गावी गेलेला असतो. त्याचे जाणे चूक नाही, तिकडे आई-वडील वाट पाहत असतात. पण पालकांशी ओळख व्हायची हक्काची संधी दर वर्षी निसटते. नाटकांचा हंगाम होळीपर्यंत चालतो. सुट्टीहून परतल्यावर एका रात्री तंबूत गावकऱ्यांच्या शेजारी बसावे. पालकसभेच्या चार नोटिसांनी होत नाही ते काम तिथे होते.

मग प्रश्न उरतो राहण्याचा. शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत, ही ओरड जुनी आहे. 2019 मध्ये सरकारने त्यासाठी ग्रामसभेच्या ठरावाची अटही घातली. पण राहायचे कुठे? अनेक गावांत भाड्याने देण्याजोगी खोलीच नसते. प्राथमिकच्या नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून महिना 16,000 रुपये मानधन मिळते. 2023 पूर्वी तर ते 6,000 होते. त्यात इथले भाडे, गावाकडचे घर आणि इतका लांबचा प्रवास बसवायचा. एकटी आलेली शिक्षिका असेल तर सुरक्षित घर ही पहिली गरज असते. ठराव मागणाऱ्या सरकारने आधी एक चांगली खोली दाखवावी, मग ठराव मागावा.

भंडाऱ्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. शाळेत पाठवण्याआधी नव्या शिक्षकांसाठी तिने एक आठवडा राखून ठेवावा: दोन दिवस बोलीचे, एक दिवस शेतीच्या वेळापत्रकाचा, उरलेले दिवस अनुभवी शिक्षकाच्या वर्गात. प्रत्येक नव्या शिक्षकामागे वर्षभरासाठी एक स्थानिक शिक्षक पाठीराखा म्हणून नेमावा. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही. जिल्हा परिषदेने मनावर घेतले तर पुढच्या नेमणुकांपासून हे सुरू करता येईल, आणि ते करावेच. ज्यांच्या घरातले नाव यादीत लागेल त्यांनाही एक विनंती: बदलीचा अर्ज कधी करता येईल हे विचारण्याआधी निदान एक रोवणा आणि एक मंडई तिथे राहून पाहा.