चारची घंटा

सास्तूरच्या माणसाला पहाटेचे चार कसे वाजतात ते सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून गाव झोपलेलं. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद; उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरं झोपलेल्या माणसांवर बसली. मी नऊ वर्षांचा होतो. आरडाओरडा ओसरल्यावर गावात जी शांतता पसरली तिची धास्ती पुढे कित्येक वर्षं मनात राहिली. घरात कुणी बोलेनासं झालं की मी उठून रेडिओ लावायचो.

असा माणूस दहा दिवस मुकाट बसायला इगतपुरीला गेला, याचं घरच्यांना नवल वाटलं. धम्मगिरीत पहिली घंटा पहाटे चारला होते. पहिल्याच दिवशी घंटेच्या आधी मला जाग आली होती.

धम्मगिरी म्हणजे विपश्यनेचं, बुद्धाच्या ध्यानपद्धतीचं केंद्र. कसारा घाट चढून आलं की इगतपुरी लागते. तिथं डोंगराच्या पायथ्याशी सोनेरी पॅगोडा, भोवती निवासाच्या चाळीसारख्या ओळी, भोजनालय, धम्महॉल. १९७६पासून इथं शिबिरं चालू आहेत. पॅगोड्यात शून्यागारं आहेत: एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढ्याच अंधाऱ्या खोल्या, भिंतीवर काही नाही, पाहण्यासारखं काही नाही.

आल्या दिवशी फोन, वही, पेन, पुस्तक, सगळं जमा करायचं. संध्याकाळी पंचशील घ्यायचं आणि मग आर्य मौन सुरू होतं. नुसतं तोंड बंद ठेवून भागत नाही. खुणा नाहीत, नजरानजर नाही, हसून मान हलवणंही नाही. अडचण असेल तर व्यवस्थापकाला सांगायची, साधनेतली शंका दुपारी बारानंतर आचार्यांना विचारायची. साडेचार ते साडेसहा बसणं, मग न्याहारी, आठला सामूहिक साधना, अकराला जेवण, पुन्हा दुपारभर बसणं, पाचला चहा, सहाला पुन्हा बैठक, सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. दिवसाला दहा तासांच्या वर मांडी.

मला वाटायचं, माणसं गप्प बसली की मौन झालं. तसं नसतं. मौन कुणीतरी रचावं लागतं. दुसऱ्या दिवशी जेवताना लक्षात आलं: मला काही मागावंच लागत नव्हतं. ताटं जागच्या जागी, वरण गरम, पाटी लिहिलेली, पाणी भरलेलं. माणसाला बोलावं लागेल असा प्रत्येक प्रसंग कुणीतरी आधीच ओळखून मिटवून ठेवला होता. हे करणारे धम्मसेवक पूर्वी शिबिरात बसून गेलेले असतात आणि एक पैसा घेत नाहीत. राहण्याजेवणाचे पैसे आपल्याकडूनही घेत नाहीत. दान द्यायचं तर शिबिर पुरं झाल्यावर, आणि ज्यानं दहा दिवसांचं एक तरी शिबिर पुरं केलंय त्याचंच दान चालतं. म्हणजे माझं जेवण माझ्याआधी बसून गेलेल्या अनोळखी माणसाचं होतं.

ही रीत सत्यनारायण गोएंका यांनी घालून दिली. १९२४ साली मंडालेत जन्मलेला मारवाडी उद्योजक. अर्धशिशीनं हैराण होऊन १९५५ साली रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेला. ऊ बा खिन ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल, आणि ध्यानाचे आचार्य. डोकेदुखीवर औषध म्हणून विद्या देणार नाही, असं त्यांनी आधी सांगितलं. पुढे हाच शिष्य १९६९च्या जुलैमध्ये मुंबईच्या एका धर्मशाळेत पहिलं शिबिर घेऊन बसला. साधक चौदा, त्यात त्याचे आईवडील. गोएंका २०१३ साली गेले, पण हॉलमध्ये अजून त्यांचाच भारदस्त आवाज ध्वनिमुद्रणातून येतो, आणि बैठक संपताना सगळा हॉल ‘साधु, साधु, साधु’ म्हणतो.

आमच्या मराठवाड्यात बुद्ध घरोघर आला तो बाबासाहेबांमुळे, १९५६च्या दीक्षेनंतर. त्याआधीही तो इथं होताच. आमच्याच जिल्ह्यात तेरला त्रिविक्रम मंदिर म्हणून आज जे विटांचं देऊळ उभं आहे ते मूळचं चैत्यगृह. पण बुद्धवंदना म्हणणं वेगळं आणि स्वतःच्या गुडघ्याच्या कळेकडे तासभर पाहणं वेगळं.

पहिले तीन दिवस आनापान, नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास फक्त पाहायचा. चौथ्या दिवशी विपश्यना देतात: डोक्यापासून पायापर्यंत अंगावर उठणाऱ्या संवेदना पाहायच्या, हव्या-नकोशा न म्हणता. त्यानंतर अधिष्ठान, तासभर हात-पाय-डोळे न उघडता. सहाव्या दिवशी पहाटेच्या बैठकीत माझ्या मांडीत कंप उठला, आणि पोटातून थेट नऊ वर्षांचं पोर वर आलं. छाती धडधडायला लागली. पळावंसं वाटलं. आचार्यांनी दुपारी एवढंच विचारलं, धडधड तेवढीच राहिली की बदलली? बदलली होती. मी रडलो ते तेव्हा.

हे मी औषध म्हणून सांगत नाही. गंभीर मानसिक आजार असेल तर केंद्र शिबिराला घेत नाही, अर्जातच विचारतात. ते योग्यच आहे. भूकंपात सगळं घर गमावलेल्या माझ्या चुलत्यांना मी कधी ‘जाऊन बसा’ म्हटलं नाही. त्यांना पारावर चार माणसांत बसून बोलण्यानंच बरं वाटतं.

दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणारी साधना, झाली की मौन सुटतं. दहा दिवस शेजारी बसलेला माणूस उदगीरचा निघाला, आणि जेवणाच्या हॉलमध्ये एवढा कलकलाट झाला की मी बाहेर येऊन उभा राहिलो.

पुढच्या वर्षी धम्मसेवक म्हणून गेलो. पहिले दिवस भाज्या चिरल्या. मग व्यवस्थापकांनी विचारलं, पहाटेची घंटा कोण करील? मी हात वर केला. गजर लावावा लागला नाही. पावसाळ्याचे दिवस होते, डोंगर धुक्यात. चारला हातातली घंटा वाजवत ओळीओळीनं फिरलो. एकेक खिडकी उजळत गेली. शेवटच्या ओळीतली एक खोली अंधारीच राहिली. परत गेलो, दाराशी उभा राहून हळू वाजवली. आत कुणीतरी खोकलं, आणि दिवा लागला.