कात्री, होळी आणि बारा खंड

चार्ल्स डिकन्सची पत्रे पहिल्यांदा घरच्यांनीच छापली आणि त्यासाठी सगळ्यांत आधी हातात घेतली ती कात्री. १८८०च्या त्या आवृत्तीसाठी मेव्हणी जॉर्जिना हॉगार्थ आणि थोरली मुलगी मेमी यांनी अस्सल पत्रे कापली, नको तो मजकूर गाळला, कधी दोन पत्रांचे तुकडे जोडून तिसरेच पत्र उभे केले. १८५८मध्ये डिकन्स बायकोपासून वेगळा झाला होता. त्या प्रकरणाची झळ वाचकापर्यंत पोहोचू द्यायची नव्हती. जिवलग मित्र जॉन फॉर्स्टर याने तर त्याआधीच आपल्याकडची पत्रे कापून चरित्राच्या हस्तलिखितात चिकटवली होती. त्याला आलेली कितीतरी पत्रे आज त्या चरित्रातल्या उताऱ्यांपुरतीच उरली आहेत.

पण एकट्या घरच्यांना बोल का लावायचा? ३ सप्टेंबर १८६० रोजी गॅड्स हिलच्या घरामागच्या शेतात खुद्द डिकन्सनेच वीस वर्षांत आलेल्या पत्रांची होळी केली. पोरे टोपल्या भरभरून कागद आणत होती. त्या निखाऱ्यांत त्यांनी कांदेही भाजून घेतले म्हणतात. त्यामुळे पुढच्या संपादकांच्या वाट्याला निम्माच संवाद आला: उत्तरे आहेत, प्रश्न जळाले.

१९३८मध्ये वॉल्टर डेक्स्टरने तीन खंड काढले खरे, पण ते नॉनसच प्रेसच्या ८७७ संचांपुरते. अभ्यासकांच्या हाती ते लागणार कसे?

खरे काम १९४९मध्ये हम्फ्री हाउसने हाती घेतले. १९५५मध्ये तो गेला, जेमतेम सेहेचाळिसाव्या वर्षी. त्याची पत्नी मॅडलीन आणि केंब्रिजचा ग्रॅहम स्टोरी यांनी काम पुढे चालवले, नंतर कॅथलीन टिलॉटसन आली. पिल्ग्रिम ट्रस्टच्या देणगीमुळे 'पिल्ग्रिम आवृत्ती' म्हणून ओळखल्या गेलेल्या या मालेचा पहिला खंड १९६५मध्ये निघाला, बारावा २००२मध्ये. पत्रे एकूण १४,२५२. मॅडलीन १९७८मध्ये गेली, टिलॉटसन २००१मध्ये. शेवटचा खंड दोघींनीही पाहिला नाही.

इतकी वर्षे लागली कशात? सुरुवातीच्या कितीतरी पत्रांवर तारीखच नाही, नुसते 'मंगळवार संध्याकाळ'. मग पत्ता बघायचा. डाउटी स्ट्रीट असेल तर १८३७ ते १८३९, डेव्हनशायर टेरेस असेल तर १८५१पर्यंत. त्यानंतर नाटकाचा उल्लेख, आजारपण, छपाईच्या तगाद्याचा संदर्भ यांची सांगड घालत नेमका मंगळवार शोधायचा. हे सगळे तळटीपेतल्या दोन ओळींसाठी! त्या काळातले लंडन समजून घ्यायला मी कादंबऱ्यांपेक्षा या तळटीपांकडेच आधी वळेन.

काही मजकूर शाईखाली दडला होता. डिकन्सचा सहसंपादक विल्स याला लिहिलेल्या पत्रांत नटी एलन टर्ननविषयीच्या ओळी कोणीतरी खोडल्या होत्या. कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयातली ही पत्रे एडा निस्बेटने इन्फ्रारेड छायाचित्रे घेऊन वाचली आणि १९५२मध्ये त्यावर पुस्तक काढले. खुद्द टर्ननला लिहिलेले पत्र मात्र बाराही खंडांत एकही नाही.

आपल्याला थेट भिडतो तो आठवा खंड, १९९५चा. त्यात ४ ऑक्टोबर १८५७चे, अँजेला बर्डेट-कूट्स या धनाढ्य परोपकारी बाईला लिहिलेले पत्र आहे. मुलगा वॉल्टर, वय सोळा, नुकताच कंपनीच्या फौजेत दाखल व्हायला हिंदुस्थानात गेलेला, आणि उठावाच्या बातम्या येताहेत. डिकन्स लिहितो, आपण तिथले सरसेनापती असतो तर ज्यांच्यावर या क्रौर्याचा डाग आहे त्या वंशाचाच नायनाट करायला झटलो असतो. अनाथ पोरांसाठी वाचकांना रडवणारा हाच तो लेखक. संपादकांनी हे झाकले नाही, सारवासारवही केली नाही. संशोधित आवृत्तीला मान द्यायचा तो यासाठी. पोराच्या काळजीने लिहिले गेले असेलही. पण ते वाचकाने ठरवायचे. वॉल्टर १८६३च्या अखेरच्या दिवशी कलकत्त्यात वारला.

बारा खंड पुरे झाले तरी पत्रे सापडतच राहिली. त्यांच्या पुरवण्या 'द डिकन्सियन' नियतकालिकात येत राहिल्या आणि आता नवी पत्रे इंटरनेटवर फुकट वाचता येतात. त्यांतली पुष्कळशी दोन-चार ओळींचीच असतात, जेवणाचे आमंत्रण किंवा भेट रद्द केल्याचा निरोप. तीही तळटीपांसकट छापली जातात.