अकॅलेशियावरील बोट्युलिनम उपचार : तंत्र आणि खर्चाचे गणित

अन्ननलिका जेथे जठराला मिळते, तेथे स्नायूंचे एक वलय असते. एरवी ते आवळलेले राहते आणि घास खाली येताच सैल होते. अकॅलेशिया या विकारात हा सैल होण्याचा संदेश देणाऱ्या, अन्ननलिकेच्या भित्तिकेतील मज्जापेशी नष्ट होतात. वलय उघडत नाही. अन्नच नव्हे तर पाणीही वर तुंबते, झोपेत ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो आणि रुग्ण खंगत जातो. दरवर्षी लाखात साधारण एका व्यक्तीस होणारा हा विकार विरळच आहे. मात्र २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २० कोटी लोकसंख्या असलेल्या उत्तर प्रदेशास हे प्रमाण लावले, तर वर्षाला जवळपास २,००० नवे रुग्ण होतात.

यांपैकी अनेकांची वाट लखनौला येते. तेथे रायबरेली मार्गावर, राज्याच्या १९८३ च्या अधिनियमाने स्थापन झालेली संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आहे. बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रात अन्ननलिकेचे खालचे टोक पक्ष्याच्या चोचीसारखे निमुळते दिसते. निदानाची खात्री मात्र नलिकेतील दाब मोजणाऱ्या मॅनोमेट्री चाचणीने होते आणि ही सोय मोठ्या केंद्रांतच असते. तोवर रुग्णाने आम्लपित्ताची औषधे घेत महिनोन्‌महिने घालविलेले असतात.

बोट्युलिनम हे एका जिवाणूपासून मिळणारे विष होय. दूषित अन्नातून पोटात गेल्यास ते प्राणघातक ठरते. अत्यल्प मात्रेत तेच औषध होते. (चेहऱ्यावरील सुरकुत्या घालविणारे म्हणून ते अधिक प्रसिद्ध आहे, हा बाजाराचा महिमा.) स्नायूला आकुंचनाचा संदेश देणाऱ्या ॲसिटिलकोलीन या द्रव्याचे स्रवण ते रोखते. सैल करणारे मज्जातंतू गेले असल्याने आवळणाऱ्यांचा जोरही कमी करावयाचा, एवढेच यामागील तत्त्व. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पंकज पसरिचा व सहकाऱ्यांनी २१ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ही पद्धत रूढ झाली.

तंत्र तसे सोपे आहे. १०० एककांच्या कुपीतील कोरडी पूड शीतसाखळीत, २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात जपावी लागते. ती सलाइनमध्ये विरघळवून, तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून बारीक सुईने टोचतात. अन्ननलिका व जठर यांच्या अस्तरांच्या सीमारेषेच्या सुमारे १ सेंटिमीटर वर, वलयाच्या चारही बाजूंना प्रत्येकी २० ते २५ एकके दिली जातात. सुई उथळ गेल्यास औषध अस्तरातच राहते, फार खोल गेल्यास नलिकेबाहेर. त्यामुळे कौशल्य लागते ते येथेच. छातीत काही काळ दुखणे वगळता बहुतेकांना त्रास होत नाही आणि रुग्ण सहसा त्याच दिवशी घरी जाऊ शकतो.

उणीव आहे ती टिकाऊपणाची. महिनाभरात सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना आराम पडतो. पण मज्जातंतूंची टोके पुन्हा कार्यरत होतात आणि वर्षअखेर निम्म्याहून कमी रुग्णांतच परिणाम उरतो. पुढे अनेक वर्षे लखनौच्या संस्थेत प्राध्यापक राहिलेले उदय घोषाल यांनी २००१ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक चाचणीतही हेच दिसले : आरंभी इंजेक्शन आणि फुग्याने वलय ताणणे यांचा गुण सारखाच, नंतर मात्र इंजेक्शन मागे पडते. शिवाय वारंवार टोचल्याने ऊतींत व्रण धरून पुढील शस्त्रक्रिया अवघड होऊ शकते. ३० ते ४० मिलिमीटर व्यासाचा फुगा, हेलर यांनी १९१३ मध्ये प्रथम केलेली व आता दुर्बिणीने होणारी स्नायुछेदन शस्त्रक्रिया, किंवा जपानमध्ये २००८ साली हारुहिरो इनोउए यांनी सुरू केलेले तोंडावाटे स्नायुछेदन यांचा लाभ दीर्घकाळ टिकतो. मात्र फुग्याने अन्ननलिका फाटण्याचा अल्पसा धोका असतो.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. पहिल्या दिवसाचे देयक पाहता इंजेक्शन स्वस्त वाटते. परंतु सोनभद्रहून येणाऱ्या तिशीतील शेतमजुरास दर वर्षी-सहा महिन्यांनी नवी कुपी, सोबत्यासह प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी सोसावी लागते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. तथापि ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. बुडालेला रोजगार कोणत्याच देयकात येत नाही. परदेशांतील खर्च-परिणामकारकता अभ्यासांनीही दीर्घ आयुष्य अपेक्षित असलेल्या रुग्णांत इंजेक्शन अधिक महाग ठरविले आहे.

वृद्ध, हृदयरोगी किंवा भूल न सोसणाऱ्या रुग्णांत हे गणित उलटते. तेथे काही महिन्यांचा निर्धोक आरामही मोलाचा असतो. २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत सामावून घेण्यात आले आहे आणि या इंजेक्शनचा खरा लाभार्थी बहुधा याच वयोगटात सापडतो.