चूकभूल (लेखांक ७) : यशानं शिकवलेला चुकीचा धडा

मागच्या आठवड्यात आपण गांधीजींच्या १९१९ सालच्या कबुलीपाशी थांबलो होतो. लोकांची तयारी झालेली नसताना त्यांना कायदेभंगात उतरवलं, ही आपली हिमालयाएवढी चूक झाली, असं त्यांनी उघडपणे सांगितलं आणि सत्याग्रह थांबवला. तिथं चूक एकाची होती आणि ती ओळखून आवरायला तो एकटा पुरेसा होता. पण चूक हजारो माणसांची मिळून होते, आणि होत असताना सगळं सुरळीत चाललेलं दिसतं, तेव्हा ती कोण ओळखणार?

यासाठी १९४२ च्या सातारा जिल्ह्यात जायला हवं. आजचा सांगली जिल्हाही तेव्हा साताऱ्यातच होता. दक्षिण सातारा वेगळा निघाला तो १९४९ मध्ये. ऑगस्टात ‘छोडो भारत’ची हाक आली, बडे पुढारी तुरुंगात गेले आणि इथल्या कार्यकर्त्यांनी तालुक्यातालुक्याच्या मामलेदार कचेरीवर निःशस्त्र मोर्चे न्यायचं ठरवलं. कचेरीवर तिरंगा लावायचा, इतकंच. २४ ऑगस्टला कराडचा मोर्चा झाला, ३ सप्टेंबरला तासगावचा. तासगावात कचेरीवर झेंडा चढला, एवढंच नव्हे, तर मामलेदारांच्या डोक्यावर गांधी टोपीही आली. ज्याच्यासमोर एरवी हात जोडून उभं राहायचं, तो साहेब टोपी घालून झेंड्याखाली उभा! ही बातमी गावोगावी कशी पोचली असेल, ते सांगायला नको.

त्यानंतर सहाव्या दिवशी, ९ सप्टेंबरला, खटाव तालुक्यातली माणसं वडूजच्या कचेरीवर निघाली. वडगाव जयराम स्वामीचे परशुराम घार्गे झेंडा घेऊन पुढं होते. इथं पोलिसांनी गोळ्या झाडल्या. घार्ग्यांसह नऊ जण गेले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरचा मोर्चा होता. तिथंही गोळीबार झाला आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे हे दोघे मारले गेले. वडूजचा धडा एका रात्रीत इस्लामपूरला पोचून पचणार तरी कसा?

हुतात्म्यांच्या बाबतीत ‘चूक’ हा शब्द अनेकांना खटकेल. पण धाडस आणि अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निःशस्त्र माणसानं बंदुकीसमोर जाणं यात चूक शोधायची नाही. चूक असलीच तर ती अंदाजात. तासगावात सरकार वाकलं, असं बाहेरून दिसलं. प्रत्यक्षात त्या दिवशी त्या कचेरीतला एक अधिकारी वाकला होता. त्यावरून पुढच्या कचेरीत काय होईल, हे कळायला मार्ग नव्हता. मला तर वाटतं, अपयशापेक्षा यशच माणसाला जास्त फसवतं. अपयश आलं की आपण कारणं शोधतो. यश आलं की कुणी चौकशी बसवत नाही.

साताऱ्यानं चौकशी केली ती कागदावर नव्हे, कामाची रीत बदलून. उघडे मोर्चे थांबले, माणसं भूमिगत झाली आणि १९४३ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. कुंडलच्या जी. डी. बापू लाडांसारखे तरुण त्याच्या तुफान सेनेत उतरले. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेचा पगाराचा पैसा लुटला गेला. गावोगाव न्यायदान मंडळं बसली. जमिनीचे, सावकारीचे तंटे तिथंच मिटू लागले. सरकारी कोर्टात खोटी साक्ष सहज खपते, पण ज्या गावात बांध कुणी कोरला हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, तिथं पंचांसमोर खोटं बोलणं अवघड. या बाबतीत ही मंडळं इंग्रजी कोर्टांना भारी होती, यात शंका नाही.

पण एक चूक दुरुस्त करताना दुसरीला दार उघडं राहिलं. खबऱ्यांना आणि गुंडांना शिक्षा म्हणून तळपायावर पत्री मारत. जिल्हाभर दरारा बसला. पण पोलीस मागावर असताना निवाडा घाईचा आणि गुपचूप व्हायचा, हे ओघानं आलंच. मंडळानं ज्याला खबऱ्या ठरवलं तो नसलाच, तर त्यानं अपील कुठं करायचं? गोऱ्या साहेबाच्या कोर्टावर, कितीही रडतखडत का होईना, वरचं कोर्ट होतं. निवाडा करणारा चुकू शकतो, हे धरून ती व्यवस्था केलेली असते. लपून न्याय करणाऱ्याला ती सोय परवडत नाही, मग त्याचा हेतू कितीही शुद्ध असो. वडूजच्या नऊ जणांचं स्मरण दरवर्षी ९ सप्टेंबरला होतं आणि ते व्हायलाच हवं. चुकून पत्री खाल्लेला कुणी असेल, तर त्याचा उल्लेख फार तर त्याच्या घरात होत असेल.

मे १९४४ मध्ये गांधीजी सुटले आणि त्यांनी भूमिगतांना बाहेर येण्याचा सल्ला दिला. गुप्तता त्यांच्या सत्यात बसत नव्हती. साताऱ्यातल्या बहुतेकांनी तो मानला नाही. वडूज आणि इस्लामपूर पाहिलेल्यांना उघड्यावर येणं म्हणजे काय, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. नाना पाटील उघडपणे लोकांसमोर आले ते १९४६ साली, सरकार बदलल्यावर.

(पुढच्या आठवड्यात : याच खटाव तालुक्यातल्या औंधच्या राजानं कैद्यांसाठी वसवलेलं, आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर.)