युरोपची पहिली ट्रिप, डहाणूतून: आठ दिवस, तीन शहरं आणि १ लाख ३२ हजारांचं गणित

(या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" जरा कमी केलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

इअरफोन लावून डहाणू लोकलमध्ये बसलेल्यांना नमस्कार, आणि जागा न मिळाल्यामुळे दारात उभं राहून ऐकणाऱ्यांना जरा जास्तच.

आजचा भाग एका प्रश्नावर आहे. तलासरीहून एका मुलीची व्हॉइस नोट आली. बोईसरला नोकरी, पगार २८ हजार, घरी थोडी चिकूची वाडी. तिचा प्रश्न असा: "दादा, एजंट युरोपचे दोन लाख चाळीस हजार सांगतोय. बाबा म्हणतात, एवढ्यात बोअरवेल होईल. स्वस्तात होतं का? आणि व्हिसा नाकारला तर पैसे बुडतात का?"

दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. मी डहाणूचा, कोडिंग करून पोट भरतो. गेल्या वर्षी मी स्वतः प्लॅन करून आठ दिवस जाऊन आलो. त्यामुळे सांगतो ते ब्रोशरमधलं नाही. पण आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, सीझनप्रमाणे हलतील. एक युरो म्हणजे १०५ रुपये धरून चाललोय.

आणि "आपल्याकडून कोण जातं युरोपला?" असं वाटत असेल तर एक लक्षात घ्या. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं १९८९ साली पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरच्या प्रदर्शनात होती. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलाकाराबरोबर त्यांचं प्रदर्शन झालं. डहाणू तालुका युरोपात कधीच पोचलाय, आपण जरा उशिरा निघतोय इतकंच.

आधी व्हिसा समजून घ्या, मग शहरं

बरेच जण उलटं करतात. रील बघून शहर ठरवतात, तिकीट काढतात आणि मग व्हिसाकडे वळतात. पण सगळ्या प्लॅनमध्ये आपल्या हातात नसलेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे व्हिसा. म्हणून सुरुवात तिथून.

युरोपातले २९ देश शेंगेन नावाच्या एका व्यवस्थेत आहेत. एका देशाने व्हिसा दिला की बाकीच्या देशांतही फिरता येतं. इंग्लंड आणि आयर्लंड यात नाहीत, त्यांचं वेगळं. "पॅरिसला जातोय तर लंडनपण करू" म्हणजे दुसरा व्हिसा, दुसरी फी. पहिल्या ट्रिपला लंडन सोडा.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस सारखेच असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्या देशाकडे. "अमुक देश लवकर देतो" म्हणून तिथे अर्ज करायचा आणि फिरायचं भलतीकडे, हे करू नका. हॉटेल बुकिंगवरून लगेच कळतं.

फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे, म्हणजे साडेनऊ हजारांच्या आसपास. वर अर्ज घेणाऱ्या सेंटरचा सर्व्हिस चार्ज. व्हिसा नाकारला तर ही फी परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. खरी अडचण अपॉइंटमेंटची असते, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी स्लॉट पटापट भरतात. म्हणून तीन-चार महिने आधी अर्ज टाका. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला स्वतः जावं लागतं, त्या दिवशी रजा धरा.

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परत निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि दोन पानं कोरी हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा.

व्हिसा ऑफिसर नक्की काय बघतो?

त्याच्यासमोर तीन प्रश्न असतात. कशाला चाललाय? खर्च झेपतो का? आणि परत येणार का? तुमचा प्रत्येक कागद या तीनपैकी एका प्रश्नाचं उत्तर असला पाहिजे.

कशाला चाललाय, याचं उत्तर म्हणजे दिवसवार प्लॅन, राहण्याचं बुकिंग आणि एका पानाचं साधं कव्हर लेटर. तिन्हींतल्या तारखा एकमेकांशी जुळल्या पाहिजेत. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा कन्सिस्टंट हवा.

खर्च झेपतो का, याचं उत्तर बँक स्टेटमेंट, सॅलरी स्लिप आणि इन्कम टॅक्स रिटर्न. अर्जाच्या आठवडाभर आधी मामाकडून दोन लाख घेऊन खात्यात टाकायचे, ही युक्ती ऑफिसरने हजार वेळा बघितलेली असते. २८ हजार पगाराच्या खात्यात अचानक दोन लाख दिसले की शंका वाढते. त्यापेक्षा दर महिन्याला थोडी थोडी वाढत गेलेली शिल्लक कितीतरी चांगली.

परत येणार का, हा आपल्यासारख्या तरुण, एकट्या, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळ्यात अवघड प्रश्न. कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र इथे महत्त्वाचं, त्यात परत रुजू व्हायची तारीख हवी. आणि वाडीवाल्यांनो, तुमच्याकडे एक जमेची बाजू आहे. घरची शेती असेल तर सातबारा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर जोडा. तुमची मुळं इथे आहेत हे त्यातून दिसतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी रिटर्नमध्ये दाखवता येतं. चिकूचे पैसे रोखीत येतात आणि रोखीत जातात, तर कागदावर ते नसल्यासारखेच. वडील खर्चाला हातभार लावणार असतील तर त्यांचं पत्र, त्यांचं बँक स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा द्या.

"शंभर टक्के व्हिसा गॅरंटी" म्हणणारा एजंट भेटला तर हात जोडा आणि निघा. ही गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. आणि खोटं बुकिंग, खोटी स्लिप कधीच नाही. पकडलं गेलं तर पुढचे अर्जही अडकतात. नकार आलाच तर कारण लेखी मिळतं. त्यावर अपील करता येतं किंवा ती त्रुटी भरून पुन्हा अर्ज करता येतो.

पैसे कुठल्या क्रमाने अडकवायचे

तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. व्हिसा येईपर्यंत परत न मिळणारा रुपया खर्च करायचा नाही, फी आणि विमा सोडून. राहण्याचं बुकिंग "फ्री कॅन्सलेशन" वालं घ्या. विमानाचं फक्त रिझर्व्हेशन द्या, पक्कं तिकीट व्हिसानंतर काढा. तिकीट थोडं महाग पडेल, पडू दे. तो फरक म्हणजे तुमचा विमाच समजा. असं केलं तर नकार आला तरी जास्तीत जास्त १३ हजारांच्या आसपास जातात, सव्वा लाख नाही.

तीन शहरं, एकच रेषा

आठ दिवसांत पाच देश म्हणजे पाच रेल्वे स्टेशनं बघून येणं. मी निवडली ती प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट. तिन्ही एका रेल्वे मार्गावर आहेत. प्राग ते व्हिएन्ना साधारण चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. आणि पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमच्या मानाने प्राग-बुडापेस्ट खिशाला हलकं.

विमान प्रागला जाणारं आणि बुडापेस्टहून परतणारं घ्या. बुकिंग साइटवर "मल्टी-सिटी" म्हणून पर्याय असतो. मागे फिरायचा एक दिवस आणि एक रेल्वे तिकीट वाचतं.

शनिवारी पहाटे मुंबई सोडा. शनि-रवि-सोम प्राग, मंगळ-बुध व्हिएन्ना, गुरु-शुक्र बुडापेस्ट, शनिवारी परत निघून रविवारी घरी. रजा फक्त पाच. चेक प्रजासत्ताकात जास्त दिवस, म्हणून अर्ज त्यांच्याकडे. रविवारी ऑस्ट्रियात बहुतेक सुपरमार्केट बंद असतात आणि स्वस्त जेवणाचा आधार तेच, म्हणून व्हिएन्ना आठवड्याच्या मधे ठेवलं.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात जा. हवा बरी, गर्दी कमी, भाव कमी.

आता हिशेब

- विमान, जाऊन-येऊन: ५०,०००
- व्हिसा फी, सर्व्हिस चार्ज, विमा: १३,०००
- हॉस्टेल डॉर्म, ७ रात्री, २,८०० प्रमाणे: १९,६००
- जेवण, ८ दिवस, २,००० प्रमाणे: १६,०००
- दोन रेल्वे प्रवास: ५,०००
- शहरातली ट्राम आणि मेट्रो: ४,०००
- प्रवेश तिकिटं: ६,०००
- ई-सिम: १,५००
- डहाणू ते एअरपोर्ट, जाऊन-येऊन: १,५००
- राखीव: १५,०००

बेरीज १,३१,६००. राखीव रक्कम काढून टाकायची नाही हं. ट्रेन चुकली, पोट बिघडलं, तर तीच कामाला येते.

२८ हजार पगारात दर महिन्याला साडेसात हजारांची आरडी अठरा महिने लावली तर १ लाख ३५ हजार होतात. बाबांच्या बोअरवेलला हात लागत नाही. आणि व्हिसासाठी हवी असलेली ती हळूहळू वाढणारी बचतही आपोआप तयार होते. घाई नसेल तर हाच रस्ता. कर्ज काढून फिरायला जाऊ नका, हे माझं स्पष्ट मत.

मग एजंटचे २ लाख ४० हजार म्हणजे फसवणूक? तसं नाही. त्यात गाइड असतो, बस असते, बहुतेक वेळा भारतीय जेवण असतं. आईवडिलांना पाठवायचं असेल तर मी पॅकेजच घेईन. पण गुगल मॅप्स वापरता येणाऱ्या पंचविशीच्या माणसाला त्या सोयीचे लाखभर रुपये जास्त द्यायची गरज नाही.

तिथे गेल्यावर पैसे कुठे गळतात

पहिली गळती कार्ड मशीनवर. मशीन विचारतं, "रुपयांत घेऊ की स्थानिक चलनात?" कायम स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले की रेट ते ठरवतात आणि तो आपल्या तोट्याचा असतो. ऑस्ट्रियात युरो चालतो, पण चेकमध्ये कोरुना आणि हंगेरीत फोरिंट. घरूनच एक फोरेक्स कार्ड किंवा कमी मार्कअपवालं डेबिट कार्ड घ्या, शिवाय दुसरं कार्ड वेगळ्या बॅगेत. रस्त्यावरच्या "झिरो कमिशन" काउंटरवर नोटा बदलू नका, कमिशन रेटमध्येच लपवलेलं असतं.

दुसरी गळती तिकिटात. तिथल्या ट्राम-मेट्रोला आपल्या डहाणू रोडसारखंच, बऱ्याच ठिकाणी गेट नसतं पण टीसी असतो, आणि तोही साध्या कपड्यांत. कागदी तिकीट घेतलं की मशीनमध्ये घालून त्यावर वेळ छापून घ्यायची. नुसतं खिशात ठेवलं तर विनातिकीट धरतात आणि दंड जबर असतो. रेल्वेची तिकिटं मात्र आधीच काढा. लवकर काढलेलं आणि ऐनवेळचं यात दुपटीहून जास्त फरक पडू शकतो.

तिसरी गळती पाण्यात. व्हिएन्नाच्या नळाला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं, बाटली भरून घ्या. दुपारी सुपरमार्केटचं, संध्याकाळी एकदा नीट बसून जेवण. असं दोन हजारांत भागतं.

आणि फुकटात काय काय? प्रागचा चार्ल्स ब्रिज, व्हिएन्नात शोनब्रुन राजवाड्याच्या बागा, बुडापेस्टला रात्री नदीकाठी उजळलेली पार्लमेंट. व्हिएन्ना ऑपेराचं उभं राहून बघायचं तिकीट खुर्चीच्या मानाने अगदी स्वस्त असतं. विरार फास्टमध्ये तास-दीड तास उभं राहणाऱ्यांना ते अवघड जाणार नाही.

निघताना, खास आपल्याकडच्यांसाठी

विमानं बहुतेक पहाटेची असतात. डहाणू-विरार पट्ट्यात लोकल मोजक्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांमागे त्या रखडतात, म्हणून शेवटच्या गाडीवर विसंबू नका. संध्याकाळीच अंधेरी गाठा. तिथून मेट्रोने मरोळ नाका, तिथे गाडी बदलून पुढचंच स्टेशन टर्मिनल २. मेट्रो रात्रभर चालत नाही, वेळ बघून निघा. तलासरी गावात रेल्वे नाही, तिथल्यांनी हायवेने सरळ यावं किंवा डहाणू गाठावं. घोडबंदरच्या ट्रॅफिकचे दोन तास जास्तीचे धरा.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर फोटो आणि ठसे घेणारी नवी यंत्रणा सुरू झालीय, त्यामुळे रांग लागू शकते. युरोपातल्याच एखाद्या शहरात विमान बदलणार असाल तर मधे तीन तास तरी ठेवा.

शेवटचं, घोलवडचा चिकू. जीआय टॅग मिळालेलं आपलं फळ, पण ताजा चिकू बॅगेत नेऊ नका. ताज्या फळांना युरोपियन युनियनमध्ये प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियनला. दुधाचे पदार्थही चालत नाहीत, म्हणजे आईचे पेढे घरीच. चकली, चिवडा खुशाल न्या.

फी आणि नियम बदलत राहतात. अर्जाआधी त्या देशाच्या दूतावासाची साइट एकदा स्वतः वाचा, माझ्या किंवा कुठल्याही यूट्यूबरच्या भरवशावर राहू नका. आज रात्री एकच काम करा: पासपोर्टची एक्स्पायरी तारीख बघा. नसेलच पासपोर्ट, तर १,५०० रुपये फी भरून अर्ज टाका, बाकी सगळं त्यानंतर.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, फक्त एका मिनिटाच्या आत. भेटू पुढच्या भागात!