कॅसेट-डेक : घेणे, राखणे आणि वापरणे

ज्या घरात एखादी जुनी कॅसेट जपून ठेवलेली आहे, त्या घरात उत्तम प्रतीचा डेक ही चैनीची वस्तू नव्हे. आजोबांचे कीर्तन, आईने म्हटलेल्या ओव्या, घरच्या बैठकीतले गाणे यांची दुसरी प्रत बहुधा नसते. डेक फितीवरून जेवढा आवाज काढून देईल, तेवढाच आपला. म्हणून ह्या यंत्राचे काम समजून घेणे अगत्याचे आहे.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ही कॅसेट प्रथम लोकांपुढे मांडली. तिच्यातील फीत अवघी ३.८१ मिलिमीटर रुंद, आणि तिचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. ध्वनिमुद्रणाच्या मोठ्या यंत्रांवर फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावत असे, म्हणजे आठपट. आता हिशेब पाहा. झांजेच्या किणकिणाटात सेकंदाला दहा हजार कंपनेही असतात. ती ४.७६ सेंटिमीटर फितीत बसवायची, तर एकेका कंपनाच्या वाट्याला मिलिमीटरचा सुमारे दोनशेवा भाग येतो.

इतके बारीक लेखन वाचायचे, तर हेडची फट ज्या कोनात आवाज भरला त्याच कोनात उभी हवी. ती किंचित कलली, की पट्टीच्या वरच्या काठाचे कंपन आणि खालच्या काठाचे कंपन यांचा मेळ बसत नाही, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. खर्जाचे स्वर शाबूत राहतात. 'स' आणि 'श' मात्र बोथट होतात. आपण म्हणतो, कॅसेट खराब झाली. पुष्कळदा फीत चांगलीच असते. भरणाऱ्या यंत्राचे हेड थोडे कललेले होते, एवढेच. नाकामिची ह्या जपानी कंपनीने १९८२ साली 'ड्रॅगन' नावाचा डेक काढला, तो फीत चालू असतानाच हा कोन आपोआप जुळवून घेई. इतर पुष्कळ डेकांवर हेडशेजारच्या बारीक स्क्रूने तेच साधते. तो सूतभर फिरवावा, आणि 'स' सर्वांत स्पष्ट ऐकू येईल तेथे थांबावे.

दुसरी गोष्ट डॉल्बीची. आपल्याकडे मिरवणुकीतल्या कर्ण्यांच्या भिंतीला डॉल्बी म्हणतात. पण रे डॉल्बी यांची मूळ पद्धत खरखर कमी करण्याची. भरताना हळू आणि उंच आवाज वाढवून लिहायचे, वाजवताना तेवढेच उतरवायचे. त्यांच्याबरोबर फितीची खरखरही उतरते. अर्थात ज्या फितीवर डॉल्बी वापरलेच नाही, तिच्यावर ते बटण दाबले तर गाण्याची धारच जाते.

असे डेक आज बहुधा जुन्या बाजारातूनच घ्यावे लागतात. घेताना हार्मोनियमचा किंवा तंबोऱ्याचा लांब सूर वाजवून पाहावा. सूर थरथरला, तर पट्टा सैल पडला आहे किंवा फीत ओढणारे रबरी चाक कडक झाले आहे, असा संशय घ्यावा. हेडवर साचलेली तपकिरी पूड कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावी. रबरी चाकाला ते जपूनच लावावे.

मोलाची कॅसेट डेकमध्ये घालण्यापूर्वी तिच्या मागच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन्ही लहान तुकडे मोडून टाकावे. मग चुकून रेकॉर्डचे बटण दाबले, तरी आवाज पुसला जात नाही. आधी साध्या कॅसेटवर डेकची परीक्षा घ्यावी. मग फीत एकदा पुढे-मागे गुंडाळावी, थोडी वाजवून कोन जुळवावा, आणि संपूर्ण वाजवताना संगणकावर प्रत करून घ्यावी. रबर कडक होते, फीत झिजते, दुरुस्त करणारे हात कमी होतात. आजोबांचे कीर्तन उतरवून घ्यायचे असेल, तर ह्याच सुटीत घ्यावे.