वजन उतरविणारी इंजेक्शने : आशा, भ्रम आणि सावधगिरी

आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली एक बारीकशी सुई टोचून घ्यायची आणि काही महिन्यांत दहा-पंधरा किलो वजन उतरवायचे, ही गोष्ट काही वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती तर ती जाहिरातबाजीच वाटली असती. आज ती खरी आहे, निदान बऱ्याच अंशी खरी आहे. आणि नेमके त्यामुळेच तिच्याविषयी नीट समजून घेणे अगत्याचे झाले आहे. खोट्या औषधाने फार तर पैसे जातात. खऱ्या औषधाचा दुरुपयोग झाला तर प्रकृतीही जाते.

लग्न तीन महिन्यांवर आले आहे, वधूचा पोशाख घट्ट होतो आहे, म्हणून इंजेक्शन. शेजारणीने घेतले म्हणून इंजेक्शन. व्यायामशाळेतल्या शिक्षकाने 'मागवून देतो' म्हटले म्हणून इंजेक्शन. दुसरीकडे शंभर किलोच्या वर वजन गेलेला, गुडघे निकामी झालेला, मधुमेहाने गांजलेला मनुष्य मात्र 'लोक काय म्हणतील' या भयाने डॉक्टरांकडे जातच नाही. ज्याला गरज नाही तो धावतो आणि ज्याला गरज आहे तो लाजतो, अशी ही उलटी परिस्थिती आहे. म्हणून वाचकांच्या माहितीसाठी या विषयाची थोडी सविस्तर मांडणी येथे करीत आहोत.

प्रथम हे औषध काय आहे ते पाहू. आपण जेवतो तेव्हा अन्न आतड्यात पोहोचताच तेथील काही पेशी एक संप्रेरक रक्तात सोडतात. त्याचे संक्षिप्त नाव जीएलपी-१. रक्तातील साखर वाढली असेल तर हे संप्रेरक स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन सोडावयास लावते, जठरातून अन्न पुढे सरकण्याची गती मंद करते आणि मेंदूला 'आता पुरे' असा निरोप देते. परंतु निसर्गाने त्याला आयुष्य फार थोडे दिले आहे. अवघ्या दोन मिनिटांच्या आसपास त्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येते. त्यामुळे ते जसेच्या तसे औषध म्हणून वापरणे शक्यच नव्हते.

येथे एका सरड्याने मानवजातीवर उपकार केले. अमेरिकेच्या वाळवंटी प्रदेशात गिला मॉन्स्टर नावाचा एक विषारी सरडा आढळतो. न्यूयॉर्कचे डॉ. जॉन एंग यांना त्याच्या विषारी लाळेत १९९२ च्या सुमारास एक असा पदार्थ सापडला, जो जीएलपी-१ सारखेच काम करतो, पण रक्तात कितीतरी अधिक काळ टिकतो. त्यावरून तयार झालेले एक्झेनाटाईड हे औषध २००५ मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी मान्य झाले. ते दिवसातून दोनदा टोचावे लागे. पुढे रोज एकदा घ्यावयाचे लिराग्लुटाईड आले आणि २०१७ मध्ये आठवड्यातून एकदा घ्यावयाचे सेमाग्लुटाईड. मधुमेहासाठी त्याचे नाव ओझेम्पिक; लठ्ठपणासाठी, अधिक मात्रेत, वेगोव्ही. याच घराण्यातील टिर्झेपाटाईड, म्हणजे मौंजारो, हे जीएलपी-१ बरोबर जीआयपी नावाच्या आणखी एका संप्रेरकाचेही काम करते. थोडक्यात, ही औषधे मुळात मधुमेहासाठी जन्मली. ती घेणाऱ्यांचे वजनही उतरते, हे ध्यानात आल्यावर त्या दिशेने अभ्यास झाला.

त्या अभ्यासाचे आकडे प्रभावी आहेत, यात शंका नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १,९६१ लठ्ठ किंवा जादा वजनाच्या, पण मधुमेह नसलेल्या व्यक्तींनी भाग घेतला. ६८ आठवड्यांनंतर सेमाग्लुटाईड घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के घटले. ज्यांना केवळ नावापुरती सुई दिली त्यांचे २.४ टक्के. आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन दोन्ही गटांना सारखेच होते. टिर्झेपाटाईडच्या २०२२ मधील चाचणीत सर्वाधिक मात्रेवर सरासरी घट २०.९ टक्के इतकी दिसली. २०२३ मध्ये तर आणखी महत्त्वाची गोष्ट पुढे आली. आधीच हृदयरोग किंवा पक्षाघात झालेल्या, वजन अधिक असलेल्या पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ लोकांच्या चाचणीत सेमाग्लुटाईडमुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयरोगाने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे हे निव्वळ सौंदर्यप्रसाधन नव्हे. योग्य रुग्णाच्या हाती ते आयुष्य वाढविणारे औषध आहे.

पण 'योग्य रुग्ण' कोण? उंचीच्या मानाने वजन किती, हे मोजण्यासाठी बीएमआय हे माप वापरतात. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की ते मिळते. लठ्ठपणासाठी ही इंजेक्शने सामान्यतः बीएमआय ३० किंवा त्याहून अधिक असेल तर, अथवा २७ च्या वर असून सोबत रक्तदाब, मधुमेह यांसारखा विकार असेल तर देण्यात येतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे उदाहरण घेतले तर ३० हा आकडा सुमारे ७७ किलोला गाठला जातो आणि २७ हा ६९ किलोला. जिचे वजन ६२ किलो आहे आणि जिला लग्नात ५६ किलो दिसावयाचे आहे, तिच्यासाठी हे औषध बनविलेलेच नाही. तिला त्याचे दुष्परिणाम मात्र पूर्ण भोगावे लागतील.

अर्थात बीएमआय हा शेवटचा शब्द नव्हे, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत तर मुळीच नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपलाच एक फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा डॉ. युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के भरली आणि डॉ. याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! हात-पाय काटकुळे आणि चरबी मात्र पोटात, ही आपली ठेवण. म्हणूनच भारतीयांसाठी २५ च्या पुढे लठ्ठपणा धरावा, असे येथील तज्ज्ञ म्हणतात. वजनकाट्यापेक्षा कमरेला लावलेली टेप आपल्याला अधिक खरे सांगते. ही गोष्ट लक्षात ठेवण्याचे आणखी एक कारण आहे, ते पुढे येईल.

धर्मगुरू या नात्याने एक गोष्ट येथे स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. सात प्रमुख पापांच्या यादीत खादाडपणा आहे, लठ्ठपणा नाही. या दोहोंची सांगड घालून स्थूल माणसाला 'जिभेवर ताबा नाही' असे हिणविण्याची जी सवय समाजात रुजली आहे, ती अन्यायाची आहे. वजन घटू लागताच शरीर भूक वाढविणारी संप्रेरके अधिक सोडते आणि ऊर्जेचा खर्च आखडता घेते. आनुवंशिकता, झोप, काही औषधे, स्त्रियांमधील पीसीओएससारखे विकार यांचाही वाटा असतो. जो मनुष्य वर्षानुवर्षे निग्रहाने वजन उतरवितो आणि ते पुन्हा चढताना पाहतो, त्याला आळशी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. अशाने डॉक्टरांच्या सल्ल्याने हे औषध घेतले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. रक्तदाबाची गोळी घेताना आपण लाजतो का?

आता दुसरी बाजू. मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठता हे नित्याचे त्रास. सुरुवातीस आणि मात्रा वाढविताना ते अधिक जाणवतात. म्हणूनच सेमाग्लुटाईड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी पायरी-पायरीने २.४ पर्यंत नेतात. लवकर परिणाम दिसावा म्हणून पायऱ्या गाळणे म्हणजे उलट्यांनी अंगातील पाणी कमी करून मूत्रपिंडावर ताण आणणे होय. वजन झपाट्याने उतरले की पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. पोटात सुरू होऊन पाठीकडे जाणारी, न थांबणारी तीव्र वेदना असेल तर घरी न थांबता रुग्णालय गाठावे. ज्यांना किंवा ज्यांच्या रक्ताच्या नात्यात कोणाला थायरॉईडचा मेड्युलरी कर्करोग झाला आहे, त्यांनी हे औषध घेऊ नये. गर्भवतींनी घेऊ नये, आणि मूल हवे असलेल्या स्त्रीने सेमाग्लुटाईड किमान दोन महिने अगोदर थांबवावे. लग्नाच्या तयारीत गुपचूप इंजेक्शन घेणाऱ्या किती मुलींना ही शेवटची गोष्ट कोणी सांगितलेली असते?

मधुमेहींनी आणखी जपले पाहिजे. आपल्याकडे ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन अनेकजण घेतात. त्यात या इंजेक्शनाची भर पडली आणि जुन्या औषधांची मात्रा कमी केली नाही, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावयाची असेल तर भूलतज्ज्ञाला हे औषध चालू असल्याचे न चुकता सांगावे. जठर मंद झालेले असल्याने उपाशी असूनही पोटात अन्न शिल्लक राहू शकते आणि ते भूल दिल्यावर फुप्फुसात जाण्याची भीती असते.

उपवासाविषयीही विचारणा होते. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दिवशी अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पदार्पण करेपर्यंतच्या श्रद्धावंतांना उपवासाचे बंधन आहे. आजारी व्यक्तींना त्यातून सूट आहे. या इंजेक्शनावर असलेला मधुमेही रुग्ण त्या सवलतीत बसतो आणि त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नये. (औषधाने भूकच लागली नाही, तर तो उपवास झाला काय, असेही कोणी विचारील. भूक असताना ताट बाजूला सारणे आणि भूकच नसणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढेच म्हणतो.)

आता ते राहिलेले कारण. उतरणारे सगळे वजन चरबीचे नसते. त्यात स्नायूही जातात. ज्यांच्या अंगात मुळातच स्नायू कमी आणि चरबी अधिक, अशा आपल्या लोकांना हे नुकसान अधिक बाधते. साठी ओलांडलेल्या माणसाचे मांड्यांचे बळ गेले की तो पडतो, आणि पडला की अंथरुणाला खिळतो. भूक मंदावलेली असताना दोन घास भात आणि चहा-बिस्किटांवर दिवस काढणे हा म्हणूनच घातक मार्ग आहे. थोडेच खाता येत असेल तर ते अंडी, मासळी, डाळ, उसळ, दही असे प्रथिनयुक्त असावे, आणि जोडीला स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा. नुसते फिरणे पुरत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा-दहा वेळा उठणे-बसणे, पाण्याच्या भरल्या बाटल्या उचलणे, हेही चालते.

आणि औषध थांबविले की काय होते? वर सांगितलेल्या २०२१ च्या चाचणीतील काही जणांवर पुढे लक्ष ठेवण्यात आले. औषध बंद केल्यानंतर वर्षभरात, घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले. यात औषधाचा दोष नाही. लठ्ठपणा हा दीर्घकालीन विकार असल्याचे ते द्योतक आहे. परंतु 'तीन महिन्यांचा कोर्स' म्हणून कोणी ते विकत असेल, तर तो विकणारा आपली दिशाभूल करीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२५ मध्ये लठ्ठपणासाठी या औषधांना सशर्त मान्यता देताना दीर्घकाळ उपचार आणि आहार-व्यायामाची जोड यांवर भर दिला, तो याचसाठी.

तेव्हा खर्चाचा हिशेब वर्षांचा करावा लागतो. मार्च २०२५ मध्ये मौंजारो भारतात आले तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती, म्हणजे महिन्याला १४,००० रुपये. जून २०२५ मध्ये आलेल्या वेगोव्हीची सुरुवातीच्या मात्रेची मासिक किंमत १७,३४५ रुपये होती. नोव्हेंबरमध्ये ती कमी करण्यात आली. सेमाग्लुटाईडच्या पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच असल्याने अनेक भारतीय कंपन्यांनी स्वस्त पर्यायांची तयारी केली. स्वस्ताईचे स्वागतच आहे, कारण मधुमेहाने पिचलेल्या गरिबालाही हे औषध मिळाले पाहिजे. पण जे महाग असते ते माणूस विचार करून घेतो. स्वस्त झाले की ब्युटी पार्लरच्या फडताळातही ते दिसू लागते.

म्हणून खरेदीविषयी थोडे. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास कायद्याने मनाई आहे. २०२३ मध्ये ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत बनावट सेमाग्लुटाईड सापडले होते आणि जागतिक आरोग्य संघटनेला जून २०२४ मध्ये त्याविषयी जगाला इशारा द्यावा लागला. बिल न देणाऱ्याकडून, मोबाईलवरील संदेशावरून किंवा आखातातून येणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या पिशवीतून ते घेऊ नये. न उघडलेले पेन २ ते ८ अंश तापमानात, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात गोठलेले पेन फेकून द्यावे, वितळवून वापरू नये. मे महिन्यात दुकानातून घरी आणताना बर्फाची पिशवी सोबत असावी, पण औषध तिला थेट चिकटवू नये. एकाचे पेन दुसऱ्याने वापरू नये. सुई बदलली तरी रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा धोका राहतो. वापरलेल्या सुया उघड्या कचऱ्यात टाकल्या तर त्या सफाई कामगाराच्या हातात घुसतात. त्या जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात जमवाव्यात आणि डबा भरला की जवळच्या दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत, जेथे वैद्यकीय कचरा वेगळा उचलला जातो, तेथे विचारून द्यावा.